पुंगळी आणि ठासणी

सकाळी ८
पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या नेमबाजी क्लबात आज दोन वर्ग आहेत: सकाळी काडतुसांच्या पुंगळ्या पुन्हा भरायचा, दुपारी ठासणीच्या बंदुकीचा. इथे १९७४ साली सुरू झालेला चकमकीच्या बंदुकीचा शिकारीचा हंगाम नाताळनंतर भरतो, त्यामुळे दुपारचा वर्ग भरलेला आहे. काळ्या दारूचे डबे कपाटात बंद करतो. ठासणीच्या नळीत चुकून आधुनिक धूररहित दारू गेली तर नळी फुटू शकते.

९
.३०-०६ च्या रिकाम्या पुंगळ्या एकेक करून तपासतो. चीर दिसली की बाद. बार उडताना पितळ फुगतं. डायमध्ये दाबलं की ते मापावर येतं आणि त्याच दाबात डायमधली पिन जुना प्रायमर खाली पाडते. पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच छिद्र असल्यामुळे हे जमतं. ही बॉक्सर या इंग्रजाची पद्धत; अमेरिकन बर्डनच्या पद्धतीत छिद्रं बाजूला असतात. अमेरिकेत चालते ती मात्र बॉक्सरचीच.

१०:३०
नवे प्रायमर बसले. आता दारू. ती ग्रेनमध्ये तोलायची. एका पौंडात ७००० ग्रेन. प्रमाण छापील तक्त्यातलंच, अंदाजाने काही नाही. गोळी बसवण्यापूर्वी विजेरीने प्रत्येक पुंगळीत डोकावायला लावतो. कुठे दुप्पट पडली, कुठे पडलीच नाही, हे दिसण्याची ही शेवटची संधी.

दुपारी १
मैदान. काळी दारू तोलत नाहीत, मापाने भरतात. शिंगातून थेट नळीत कधीच ओतायची नाही. आधीच्या बाराची ठिणगी आत धुमसत असली तर अख्खं शिंग हातात पेटेल. मग वंगण लावलेली चिंधी, तिच्यावर शिशाची गोळी, आणि गजाने खाली ठासणं. गजावरची खूण नळीच्या तोंडाशी आली म्हणजे गोळी दारूला टेकली. मध्ये पोकळी राहिली तर नळीला धोका.

२:३०
एका शिकाऊ मुलीची रंजक, म्हणजे नळीबाहेरची पेटवायची दारू, भुर्रकन जळाली, बार मात्र झाला नाही. "नळी लक्ष्याकडेच ठेव, थांब." मिनिटभराने तिनेच बंदुकीचा कान, म्हणजे नळीत ठिणगी जाण्याचं छिद्र, तारेने मोकळा केला, ताजी रंजक घातली. बार झाला, गोळी पाटीवर लागली.

४
काळ्या दारूची राख ओल धरते आणि लोखंड खाते. गरम साबणपाणी, कोरडी चिंधी, तेल. हे उद्यावर टाकता येत नाही.

५
मुलीने विचारलं, सुरुवात कशाने करू? मी ठासणीच सांगतो. तिथे प्रत्येक बार आपल्याच हातांनी, पायरीपायरीने रचावा लागतो. काडतुसात तेच सगळं आदल्या दिवशी टेबलावर होऊन जातं, आणि चूक झालीच तर ती पितळात बंद होऊन चाप ओढेपर्यंत गप्प राहते. नळीपाशी सावध राहायची सवय ज्याला लागली, तो टेबलावरही विजेरी विसरत नाही.