अर्धा संशोधक, अख्खा संशोधक

कोल्हापुरात संशोधक किती, असं कुणी विचारलं की बोट आपसूक शिवाजी विद्यापीठाकडे जातं. पण नुसती डोकी मोजून भागत नाही. ही गणती जगभर ज्या नियमांनी होते, त्यांची मांडणी १९६३ साली इटलीतल्या फ्रास्काती गावी झाली. त्यात माणसाचा वेळ धरतात. निम्मा वेळ शिकवण्यात जाणारा प्राध्यापक अर्धा संशोधक. दिवसभर प्रयोगशाळेत असलेली पीएचडीची विद्यार्थिनी मात्र अख्खी. या हिशेबानं २०२० साली भारतात दहा लाख लोकांमागे २६२ संशोधक भरले. दक्षिण कोरियात आठ हजारांच्या वर.

कोरियाचं नाव उगाच नाही घेतलं. विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग पातळ थरांच्या कामासाठी ओळखला जातो. त्यातली ‘सिलार’ पद्धत बघण्यासारखी आहे. काचेची पट्टी एका बीकरमध्ये बुडवायची, धुवायची, दुसऱ्यात बुडवायची, पुन्हा धुवायची. पहिल्यातले धातूचे आयन काचेला चिकटतात, दुसऱ्यातले गंधकाचे आयन त्यांना येऊन मिळतात, की बसला एक अतिपातळ थर. असं पन्नासदा, शंभरदा. निर्वात पंप नको, महागडं यंत्र नको. सी. डी. लोखंडे आणि एच. एम. पठाण यांचा या पद्धतीवरचा २००४ सालचा आढावा परदेशातले अभ्यासकही वापरतात. इथं हात बसलेली कितीतरी मुलं पुढं कोरियाला गेली. घरच्यांच्या लेखी ती कोल्हापूरचीच, पण गणतीत कोरियाची.

आता कोल्हापूरशेजारच्या शिरोलीच्या फौंड्रीत या. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्नमेकर मीटरमागे दहाएक मिलिमीटर वाढीव धरतो. पण जाड-बारीक अंगाचं सिलिंडर हेड सगळीकडं सारखं आकसत नाही. मग ट्रायल. ओता, कापा, आत पोकळी दिसली की आकसणाऱ्या भागाला वितळलेलं बीड पुरवणारा रायझर हलवा, पुन्हा ओता.

हे संशोधन की रोजचं काम? फ्रास्कातीच्या नियमांच्या अटी पाच: काम नवं हवं, कल्पक हवं, निकाल आधी ठाऊक नसावा, शिस्तीनं केलेलं असावं आणि दुसऱ्याच्या हाती देता यावं. बहुतेक ट्रायली पहिल्याच अटीला गळतात, कारण नवं म्हणजे सगळ्या धंद्याला नवं. ते रास्तच आहे. पण एखादी त्यातूनही तरते, आणि माझ्या मते ती पाचवीला अडकते. रायझर किती हलवला हे मिस्त्रीच्या डोक्यात असतं, फार तर भिंतीवर खडूनं लिहिलेलं. खंडेनवमीला शेड धुतली की तेही जातं.