वीतभर पाण्याचा खर्च

"ध्रुवार बर्फ वितळता, तेचा आमकां काय?" मालवणच्या जेटीवर असं कुणी म्हटलं तर हसू नये. प्रश्न रास्त आहे, फक्त उत्तर उलटं आहे. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकावरचे बर्फाचे थर इतके अवजड आहेत की ते भोवतालचं पाणी स्वतःकडे ओढून धरतात. थर झिजला की ओढ सैल होते, आणि सुटलेलं पाणी लांबच्या, आपल्यासारख्या उष्ण पट्ट्यातल्या किनाऱ्यांकडे सरकतं. म्हणजे लांब असणं हा बचाव नव्हे.

मात्र कुठलाही बर्फ वितळला की समुद्र चढतो, हेही खरं नाही. कोकम सरबताच्या काठोकाठ भरलेल्या पेल्यात तरंगणारा बर्फाचा खडा वितळला म्हणून सरबत सांडत नाही. समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाचं तसंच. पाणी वाढतं ते जमिनीवरचा बर्फ समुद्रात आला की. शिवाय तापलेलं पाणी फुगतं. १९७१ ते २०१८ या काळातल्या वाढीपैकी जवळजवळ निम्मी या फुगण्याचीच होती. आता मात्र बर्फाचा वाटा पुढे गेला आहे.

मग वाढ झाली किती? १९०१ ते २०१८ मध्ये जगभरात सरासरी २० सेंटिमीटर, म्हणजे वीतभर. इथे लोक म्हणतात, उधाणाला दोन मीटर पाणी चढतं, तिथे वितीची काय मातब्बरी? पण उधाण ओसरतं, ही वीत ओसरत नाही. पुढची प्रत्येक भरती, प्रत्येक वादळाची लाट तिच्यावर उभी राहते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ सिंधुदुर्गासमोरून गेलं, जमिनीवर चढलं ते थेट गुजरातेत. तरी इथल्या होड्या, माड, विजेचे खांब आडवे झाले. आणि वेग वाढतोय: २००६ ते २०१८ या काळात वर्षाला ३.७ मिलिमीटर.

मालवणजवळच्या देवबागात किनाऱ्याची धूप जवळून दिसते. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. काही ठिकाणी या पाण्यावरून त्या पाण्यावर चालत जायला पाच मिनिटं पुरतात. तिथली सगळी धूप बर्फामुळे होते, असं मात्र म्हणू नका. नदीच्या मुखाशी वाळू मुळातच जागा बदलत असते, आणि नदीतून वाळू उपसली की किनाऱ्याला मिळणारी भर तुटते. बर्फाच्या नावावर सगळं ढकललं की वाळूवाले सुटतात.

"बंधारा घातला की झालं," हा सगळ्यात महागडा गैरसमज. काळ्या दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा मागचं घर वाचवतो, हे खरंच आहे. पण लाट दगडावर आपटून परतताना पुढची वाळू घेऊन जाते, आणि बंधारा जिथे संपतो तिथून शेजाऱ्याची जमीन खायला लागते. वाळू गेली की रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, कुठे ओढायची? रापणीला माणसं लागतात तशी उतरती पुळणही लागते. पर्यटकही दगड बघायला येत नाही. बंधाऱ्याच्या अंदाजपत्रकात यातलं काहीच धरलेलं नसतं.

सगळ्यात गुपचूप होणारा खर्च विहिरीतला. वाळूच्या पट्टीखाली पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. सर्वसाधारण हिशोब असा की समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल, तर खाली चाळीसेक मीटरपर्यंत तेच टिकतं. समुद्र चढला, जमीन आक्रसली, वर पर्यटनाच्या हंगामात पंप दिवसभर चालले, की खारं पाणी वर सरकतं. विहीर आटत नाही, मचूळ होते. मग टँकर, फिल्टर, गंजलेले नळ. हा खर्च कुठल्याही पंचनाम्यात येत नाही. खारबंदिस्ती फुटून भातशेतीत उधाण शिरलं, तर मीठ धुऊन निघायला काही पावसाळे जातात, तो खर्चही तसाच.

"जमीन गेली तर सरकार भरपाई देईलच," या भरवशावरही राहू नये. केंद्राच्या अधिसूचित १२ आपत्तींत चक्रीवादळ, पूर, त्सुनामी, अगदी गारपीटही आहे. किनाऱ्याची धूप नाही. वादळाने घर पडलं तर नियम आहे, वर्षाला हातभर अंगण गेलं तर नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २६ साठी धूप रोखायला १,५०० कोटी आणि विस्थापितांच्या पुनर्वसनाला १,००० कोटी सुचवले. पण ते नद्या आणि समुद्र मिळून साऱ्या देशासाठी, आणि देशाचा सुमारे एक तृतीयांश किनारा धुपतो आहे.

तेव्हा तारकर्ली-देवबागकडे जागा बघायला निघाला असाल, तर श्रावणात जाऊ नका. मे महिन्यात, अमावास्येच्या भरतीला जा, आणि सातबारा बघण्याआधी विहिरीचं पाणी चाखा.