शेण, पाऊस आणि माळावरचे गवत

बीडहून मांजरसुंब्याकडे निघाले की बालाघाटाच्या कुशीत कपिलधार लागते. श्रावणात लोक तेथे धबधबा पाहण्यास जातात, कार्तिकात मन्मथस्वामींच्या यात्रेस. मी दोन्ही वेळा गेलो आहे. श्रावणात वरचा माळ हिरवागार असतो, पण सारखा नसतो. मध्येच गडद, उंच गवताची कडी दिसतात आणि गुरे नेमकी तीच टाळून चरतात. एका गुराख्याला कारण विचारले. "तिथं शेण पडलंय, साहेब. गुरं तोंड घालत नाहीत," तो म्हणाला.

शेणाच्या पोखालचे गवत उजेडावाचून मरते. भोवतालचे मात्र त्याच पोवर पोसते. वासामुळे गुरे कित्येक आठवडे त्यास शिवत नाहीत. जंतांची अंडी शेणातूनच पसरतात, म्हणून ही नापसंती शहाणपणाचीच म्हटली पाहिजे.

पण शेण पडणे वेगळे आणि ते जमिनीत जाणे वेगळे. पावसाळ्यात हे काम शेणकिडे करतात. ते शेणाच्या गोळ्या करून जमिनीत पुरतात आणि त्या वाटेने हवा व पाणीही खाली उतरते. कार्तिकानंतर उन्हाने पोवर कवच चढते, नत्राचा मोठा भाग वायुरूपाने उडून जातो आणि उरलेले वाळवी सावकाश खाते. शेण तेच, परंतु ऋतूप्रमाणे त्याचे मोल बदलते. सेवेत असताना दुभत्या जनावरांच्या कर्जप्रस्तावांत मी शेणखताच्या रकान्यात एक ठोकळ आकडा भरीत असे. ते शेण कोणत्या महिन्यात कोठे जाते, हे मला कधी विचारावेसे वाटले नाही.

ऑस्ट्रेलियात हा प्रश्न फार मोठा झाला होता. गोऱ्या वसाहतवाल्यांनी तेथे गाईगुरे नेली, पण तेथील किडे कांगारूच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले. गाईचे पातळ शेण त्यांना आवरेना. पो महिनोन्‌महिने तसेच पडून राहिले, कुरणे झाकली गेली, माश्या माजल्या. अखेर जॉर्ज बोर्नेमिसा या कीटकशास्त्रज्ञाच्या सूचनेवरून 1960 च्या दशकात परदेशी शेणकिडे आणून सोडण्यास आरंभ झाला. आपल्या माळावर हे सेवक पूर्वापार आहेत. मात्र आयव्हरमेक्टिनसारख्या जंतनाशकाचा अंश शेणातून बाहेर पडतो आणि त्यांच्या अळ्या मारतो. पांजरपोळातील जनावरांना औषध देण्यासाठी आपण देणगी देतो, तेव्हा कोणते औषध व कोणत्या ऋतूत, हे पशुवैद्यांना अवश्य विचारावे.

दुष्काळात चारा पुरविण्यात आपली व्यापारी मंडळी कधी मागे राहिलेली नाहीत. 2019 च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यातील चारा छावण्या आपण पाहिल्या. पण आपण धाडलेला चारा कोणत्या तरी माळावरून कापलेला असतो, आणि त्याबरोबर त्या माळाचे नत्र व पालाशही निघून जाते. गोठ्यातले शेण मग बागाईतदार नेतो किंवा त्याच्या गोवऱ्या होतात. माळाच्या खात्यावर नुसती उचल, भरणा नाही. शेजारच्या जिल्ह्यातील हिवरे बाजारची चराईबंदी सर्वांना ठाऊक आहे. चराईबंदीने गवत नक्की वाढते, पण गवत कापून न्यायचे तर जमिनीला काही परतही द्यावे लागते.

म्हणून एक सुचवितो. चाऱ्याच्या दोन गाड्यांची देणगी असेल, तर सोबत कुजलेल्या शेणखताची एक गाडी ज्येष्ठात माळावर पोचवावी. ताजे शेण उतारावर टाकू नये, पहिल्याच वळवाने ते ओढ्यात जाते. खत उताराला आडवे, पट्ट्यापट्ट्याने पसरावे. गवत फुलोऱ्यावर येईपर्यंत गुरे सोडू नयेत आणि फुलोऱ्यातच ते कापावे. वाळल्यावर त्यातील प्रथिने घटतात आणि कुसळी तर गुरांच्या तोंडात रुतते.

गेल्या कार्तिकात त्याच माळावर गेलो. गवत पिवळे पडले होते. दोन बायका वाळलेल्या रानशेण्या पाटीत भरीत होत्या. माळावर थोड्या राहू द्या, असे सांगण्याचे माझ्या मनात आले. पण त्यांच्या घरी चूल होती, आणि माझ्या घरी गॅस.