मुक्त संगणक-प्रणाली : मुभा कोठवर, मर्यादा कोठे?

ग्रामपंचायतीचे दप्तर, शाळेची संगणक-खोली अथवा सहकारी संस्थेचे हिशेब यांसाठी लिनक्ससारखी मुक्त कार्यप्रणाली वापरावयाचे ठरले, की एक शंका हटकून उपस्थित होते : ही प्रणाली घरगुती वापरापुरतीच मोफत आहे, की कचेरीत आणि व्यवसायातही ती वापरता येते? याचे उत्तर तिच्या परवान्यात आहे.

लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला, तेव्हा पैसे घेऊन त्याच्या प्रती वाटण्यास मनाई होती. १९९२ मध्ये ही अट काढून टाकण्यात आली व रिचर्ड स्टॉलमन यांच्या पुढाकाराने तयार झालेला ग्नू सार्वजनिक परवाना लागू झाला. या परवान्यान्वये आज्ञावली कोणत्याही कामासाठी चालविण्याची, अभ्यासण्याची, बदलण्याची व वाटण्याची मुभा आहे. व्यापारी वापर किंवा प्रतींची विक्री यांनाही मज्जाव नाही.

बंधने कोणती?

पहिले बंधन वाटपाचे. कचेरीने स्वतःपुरता बदल केल्यास तो जाहीर करावा लागत नाही. मात्र बदललेली प्रत दुसऱ्यास दिली, तर सोर्स कोड, म्हणजे आज्ञावलीचा वाचता येण्याजोगा मूळ मजकूर, त्याच परवान्याखाली उपलब्ध करून द्यावा लागतो. बीएसडी परवान्यात ही सक्ती नाही. तेथे मूळ कर्त्याची स्वामित्वसूचना व परवान्याचा मजकूर कायम ठेवला, की पुरते.

दुसरे बंधन नावाचे. मजकूर मुक्त असला, तरी 'रेड हॅट' हे नाव व बोधचिन्ह यांवर त्या कंपनीचा हक्क आहे. त्याच मजकुरातून नवी प्रणाली तयार करणाऱ्यांना ती वेगळ्या नावाने द्यावी लागते. कंपनी वर्गणी घेते ती प्रामुख्याने दुरुस्त्या व साहाय्य यांसाठी. परवाना स्वतः कोणतीही हमी देत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

तिसरे बंधन जोडभागांचे. फसगत होते ती बहुधा येथेच. 'व्हर्च्युअलबॉक्स' ही मूळ आज्ञावली मुक्त आहे. परंतु तिचा 'एक्स्टेन्शन पॅक' हा जोडभाग केवळ वैयक्तिक वापर, शिक्षण व चाचणी यांसाठी मोफत आहे. व्यवसायासाठी त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो.

संस्थांनी काय करावे?

केंद्र शासनाच्या २०१५ च्या धोरणानुसार शासकीय खरेदीत मुक्त स्रोत आज्ञावलींना प्राधान्याने विचारात घ्यावयाचे आहे. सी-डॅक या संस्थेने 'बॉस' ही भारतीय भाषांतून काम करता येणारी लिनक्स प्रणाली विकसित केली आहे. तेव्हा संकोचाचे कारण नाही. संगणकावर बसविलेल्या प्रत्येक आज्ञावलीचे नाव, परवाना व त्यातील अटी यांची नोंद मात्र ठेवावी. 'मोफत' या शब्दावर विसंबण्यापेक्षा 'कोणास आणि कशासाठी मोफत' हे आधी वाचून घेणे, यातच संस्थेचे हित आहे.