फेणीची पारख आणि आमचें सीताफळ

कृषिविषयक मासिकांत मद्यावर लेख पाहून कांहीं वाचकांस नवल वाटेल. मद्यपानाचा पुरस्कार करणें हा आमचा हेतु नाहीं. परंतु झाडाखालीं कुजून जाणाऱ्या फळापासून गोमंतकांतील कष्टकऱ्यांनीं नामांकित माल कसा उभा केला, हें जाणून घेणें बीड जिल्ह्यांतील फळबागाईतदारांस हितावह आहे.

काजूचें झाड पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत ब्राझील देशांतून आणिलें. त्याची बी दूरच्या बाजारांत जाते. बोंड मात्र नाशवंत, तें दूर जाऊं शकत नाहीं. फेब्रुवारीपासून मेपर्यंत पिकून आपोआप गळालेलीं बोंडेंच तेथें वेंचतात, झाडावरून तोडीत नाहींत. तीं दगडी कुंडांत तुडवून रस काढितात. तो सुमारें तीन दिवस आंबूं देतात; बाहेरून खमीर घालीत नाहींत. पहिल्या वाफेचें सौम्य मद्य तें उराक. तें पुन्हां भट्टीवर चढविलें म्हणजे फेणी होते. तींत मद्यार्काचें प्रमाण शेंकडा 42 ते 43 असतें.

पारख करणारा प्रथम डोळ्यांनीं पाहतो. नवी फेणी पाण्यासारखी निर्मळ असावी. नंतर बाटली हालवून वर उठणाऱ्या बुडबुड्यांवरून तो बळाचा अंदाज करितो. फेणी हें नांवहि फेसावरूनच पडलें असें सांगतात. मग वास. पिकल्या बोंडाचा उग्र वास आधीं आला पाहिजे आणि पेला रिता झाल्यावरहि रेंगाळला पाहिजे. जळका वास आला तर जाळ जास्त झाला, आंबटपणा आला तर रस अधिक दिवस राहिला, असें समजावें. परक्या मद्यार्कांत सुगंध मिसळलेल्या मालाचा वास वरवरचा असतो. मात्र मेथिल मद्यार्क हें विष नाकाजिभेस कळत नाहीं. 2015 सालीं मुंबईच्या मालवणी भागांत विषारी दारूनें शंभराहून अधिक माणसें दगावलीं, हें विसरूं नये.

पारखीचें शास्त्र जपानांत फार पुढें गेलें आहे. तेथील साके तांदळाची होते. उंची प्रतीसाठीं दाण्याचा शेंकडा 40 किंवा अधिक भाग घासून काढितात. शिजलेल्या भातावर कोजी नांवाची बुरशी वाढवितात. ती पिष्टाची साखर करिते आणि खमीर त्या साखरेचें मद्य करितें. तपासणीच्या पांढऱ्या पेल्याच्या तळाशीं दोन निळीं वर्तुळें असतात. पांढऱ्या भागावर मद्याचा रंग कळतो, निळ्या रेघेवर निर्मळपणा कळतो. 1911 पासून तेथें नव्या साकेची राष्ट्रीय परीक्षा होत आली आहे. डिसेंबर 2024 मध्यें युनेस्कोनें या परंपरागत कौशल्यास आपल्या वारशाच्या यादींत स्थान दिलें. आमच्याकडे काजूच्या फेणीस 2009 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें.

आतां मुद्द्याकडे वळूं. बीडच्या सीताफळासहि 2016 सालीं हेंच मानांकन मिळालें आहे. बालाघाटाच्या माळरानावर, जेथें दुसरें पीक धड येत नाहीं, तेथें हें झाड तग धरितें. अंबाजोगाईस त्याचें संशोधन केंद्र आहे. तथापि मानांकन मिळाल्यानें भाव आपोआप वाढत नाहीं. त्या नांवाखालीं माल विकावयाचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. आणि नांव टिकवावयाचें तर प्रत राखावी लागते. कोंवळें फळ तोडून पिकल्यांत मिसळिलें तर गिऱ्हाईक एकदां फसेल, दुसऱ्यांदा येणार नाहीं, आणि त्याचा तोटा साऱ्या जिल्ह्यास होईल.

याकरितां आमची सूचना अशी : डोळे उघडलेलेंच फळ तोडावें, लहानमोठें निराळें करावें, प्रत्येक झाडाच्या फळाचा गर चाखून गोडी, रवाळपणा व बियांचें प्रमाण वहींत टिपावें, उत्तम झाडांचीं कलमें करावीं. सीताफळाची दारू गाळण्याचा विचार मात्र कोणीं मनांत आणूं नये. परवान्यावांचून गाळणें 1949 च्या दारूबंदी कायद्यान्वयें गुन्हा आहे.

आम्हीं महसूल दप्तरांत पुष्कळ वर्षें घालविलीं. पीकपाहणींत सर्वांच्या नांवापुढें 'सीताफळ' एवढेंच लिहितात. चवीचा रकाना सरकारी कागदांत नसतो. तो रकाना शेतकऱ्यानें आपल्याच वहींत आंखावा, म्हणजे व्यापाऱ्यापुढें भाव सांगतांना त्याच्यापाशीं पुरावा राहील.