पहिला संगणक : सुट्या भागांची निवड

सुटे भाग आणून संगणक घरीच जुळवावा, असे मुलाने वा मुलीने म्हणताच पालकांस खर्चाची चिंता वाटते. कांद्याच्या पट्टीतून आलेला पैसा वाया जाऊ नये, हे रास्तच होय. म्हणून तळेगावाहून पुण्यास खरेदीस निघण्यापूर्वी पुढील विचार करावा, असे आम्ही सुचवितो.

संगणक कशासाठी हवा, हे प्रथम कागदावर लिहावे. लेखन, अभ्यास व प्रोग्रॅमिंग एवढ्यासाठी स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाची गरज नाही; ती सोय अंगीच असलेला प्रोसेसर घ्यावा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या क्रमांकाशेवटी केवळ ‘एफ’ अक्षर असते, त्यांत ती नसते. मग त्याच प्रोसेसरास चालणारा मदरबोर्ड पाहावा. रॅमही त्यास अनुरूप हवी. डीडीआर ४ च्या खाचेत डीडीआर ५ ची पट्टी बसत नाही. खाच मोकळी राहिल्यास दुसरी पट्टी पुढे घेता येते. साठवणीस एसएसडी असावी. तिने यंत्र चटकन सुरू होते.

पुष्कळजण पॉवर सप्लाय स्वस्तातला घेतात. ही काटकसर घातक होय. सर्व भागांस वीज तोच पुरवितो. तो बिघडला तर इतर भागही जळू शकतात. प्रत्येक भागाची पावती जपावी.

पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला, तो अनेक लहान प्रोसेसर एकत्र जोडून. भाग साधे असले तरी त्यांचा मेळ नीट बसला पाहिजे, हेच आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानी धरावे.