जॉइन केलं आणि बीड गायब झालं

आज बोलूया आर भाषेत दोन टेबलं एका सामायिक कॉलमवर कशी जोडायची याबद्दल. कमांड एका ओळीची आहे, पण त्या एका ओळीने माझी चांगलीच फजिती केली होती.

माझ्याकडे एका टेबलात महाराष्ट्राच्या 36 जिल्ह्यांतले पाण्याचे टँकर होते, दुसऱ्यात 2011 च्या जनगणनेची लोकसंख्या. दर लाख माणसांमागे किती टँकर, एवढंच काढायचं होतं. ‘मर्ज’ लिहिलं, ‘बाय’मध्ये जिल्ह्याचं नाव दिलं, रन केलं. एरर नाही, वॉर्निंग नाही. आलेख टीमला दाखवला, तर आमच्यातली बीडची ताई म्हणाली, “अरे, आमचं बीड कुठंय?”

बघतो तर 36 पैकी 28च ओळी उरलेल्या!

झालं काय, तर वेगळं काही सांगितलं नाही की ‘मर्ज’ फक्त दोन्हीकडे जुळणाऱ्या ओळी ठेवतं, बाकीच्या गुपचूप टाकून देतं. आणि नाव अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. जनगणनेत बीडचं इंग्रजी स्पेलिंग बी-आय-डी, आमच्याकडे डबल ई. तिथे औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर. इथे छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर. म्हणजे पाण्यासाठी वणवण होते तेच जिल्हे गळाले. आणि हा आलेख टँकरचं नियोजन करणाऱ्यांकडे जाणार होता!

आता मी आधी डीप्लायरचं ‘अँटी जॉइन’ चालवून न जुळणारी नावं बघतो, ती दुरुस्त करतो आणि मगच ‘लेफ्ट जॉइन’. त्यात पहिल्या टेबलाच्या सगळ्या ओळी टिकतात, जोडीदार नसेल तिथे ‘एनए’ दिसतं. ‘मर्ज’च वापरायचं तर ‘ऑल डॉट एक्स’ला ‘ट्रू’ द्या.

पण खरा चकवा ठाण्याचा. ते मस्त जुळलं होतं! फक्त 2011 चं ठाणे म्हणजे आजचे ठाणे आणि पालघर दोन्ही. पालघर वेगळा झाला 1 ऑगस्ट 2014 ला. म्हणजे जवळपास 1 कोटी 10 लाख लोकसंख्या एकट्या ठाण्याच्या नावावर आणि पालघरपुढे एनए. हे कुठलंच जॉइन पकडत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ठाण्यात चूक काहीच नाही. शेवटी जनगणनेतून पालघरच्या आठ तालुक्यांची लोकसंख्या काढली, बेरीज केली, ठाण्यातून वजा केली.

नवा आलेख आधी ताईलाच दाखवला.